गरोदरपण, ध्यान आणि हातातला फोन

२००२ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या मातांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या २७० गर्भवतींना त्यांनी शेवटच्या तिमाहीत गाठलं आणि बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस चालू ठेवली. बाळं सहा ते आठ आठवड्यांची झाली तेव्हा त्यांतल्या २३ टक्के आयांना नैराश्याचा आजार होता. हा आकडा मोठा आहेच, पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. या आजारी आयांपैकी ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. बाळंतपणानंतर जे उघड झालं ते आधीच सुरू झालेलं होतं, फक्त तिकडे बघायला कोणी नव्हतं. आजारामागची कारणंही अभ्यासकांनी नोंदवली: पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलाची वाट पाहणाऱ्या घरात मुलगी जन्मणं.

गरोदर बाईचं कोडकौतुक आपल्याकडे कमी होत नाही. डोहाळे विचारले जातात, सातव्या महिन्यात ओटी भरली जाते, पहिल्या बाळंतपणाला माहेरी नेलं जातं. दवाखान्यात दर खेपेला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर तपासतात, लोहाच्या गोळ्या देतात, सोनोग्राफीची तारीख देतात. झोप लागते का, उगाच रडू येतं का, घरात मन मोकळं करायला कोणी आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तिनं आपणहून सांगितलंच तर उत्तर ठरलेलं असतं: ‘या दिवसांत असले विचार करायचे नसतात, बाळावर परिणाम होतो.’ सांगणारीच्या मनात मायाच असते. ऐकणारीच्या मनात मात्र आधीच्या उदासीत अपराधीपणाची भर पडते. ती उदास तर असतेच, शिवाय आपल्या उदासीमुळे बाळाचं काही वाईट होईल ही धास्ती मागे लागते, आणि ही धास्ती बोलून दाखवायची नाही हेही तिला कळून चुकलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे १० टक्के गर्भवती आणि १३ टक्के बाळंतिणी मानसिक आजारातून, मुख्यतः नैराश्यातून जातात. विकसनशील देशांत हेच प्रमाण १५.६ आणि १९.८ टक्के आहे. मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत असतात, आणि ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे गरोदर सुनेला नेणं अजूनही घराला कमीपणाचं वाटतं. या पोकळीत आता फोन आला आहे. रात्री दोन वाजता कूस बदलूनही झोप येत नाही तेव्हा उशाशी तोच असतो. त्यावर गर्भवतींसाठी ध्यानाची ॲप आहेत, आठ आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत, झूमवरचे वर्ग आहेत, व्हॉट्सॲपच्या गटावर रोज सकाळी येणारी दहा मिनिटांची ध्वनिफीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत दवाखान्यांतले आणि योगवर्गांतले गट बंद पडले आणि हे सगळं एकदम वाढलं. हे पुस्तक या कार्यक्रमांविषयी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. त्यांचा उपयोग आहे, पण दोन अटींवर. ध्यान त्या बाईसाठी असलं पाहिजे, तिच्या हातून आणखी एखादं काम करून घेण्यासाठी नव्हे. आणि फोनच्या पलीकडे एक माणूस असलं पाहिजे.

या कार्यक्रमांचा उगम शोधत गेलं की बहुतेक वाटा १९७९ सालापाशी येतात. त्या वर्षी जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यात बौद्ध परंपरेतलं ध्यान होतं, हठयोगातली आसनं होती, पण कुठल्या धर्माचा शिक्का नव्हता. शरीराच्या एकेका भागावरून लक्ष सावकाश फिरवत नेण्याचा त्यातला सराव इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिर केलेल्या मराठी माणसाला लगेच ओळखीचा वाटेल, कारण दोन्हींची मुळं ब्रह्मदेशात जपल्या गेलेल्या विपश्यनेत आहेत. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्यांसाठी या वर्गाला विचारोपचाराची जोड दिली. आणि १९९८ साली नॅन्सी बार्डॅक या प्रशिक्षित सुईणीनं तो गर्भवतींसाठी आणि त्यांच्या जोडीदारांसाठी बेतला.

बार्डॅक यांच्या वर्गातल्या एका सरावाविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण गरोदरपणातल्या ध्यानाचा अर्थ मला त्यातून सगळ्यांत चांगला कळतो. हातात बर्फाचा खडा घ्यायचा आणि मिनिटभर धरून ठेवायचा. हात झोंबतो, मग दुखतो, कधी एकदा टाकून देते असं होतं. त्या मिनिटात लक्ष श्वासाकडे न्यायचं, किंवा थेट त्या दुखण्याकडेच न्यायचं आणि ते कसं बदलतं ते बघायचं. मग खडा खाली ठेवायचा, मिनिटभर विश्रांती घ्यायची, पुन्हा उचलायचा. बाळंतपणाच्या कळा अशाच येतात. ऐन भरात एकेक कळ साधारण मिनिटभर, फार तर दीड मिनिट टिकते आणि ओसरते, मधे उसंत मिळते. पण घाबरलेलं मन त्या उसंतीतही पुढच्या कळेची वाट बघत आवळून बसतं आणि हातची विश्रांती वाया जाते. बर्फामुळे कळा कमी होत नाहीत, आणि वर्गात तसं वचनही कोणी देत नाही. दोन कळांमधलं मिनिट मात्र परत मिळू शकतं. नवऱ्यानंही तोच खडा धरून पाहायचा असतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर थांबण्यापलीकडे त्याला काही भूमिका नसते आणि ती त्याला कोणी शिकवतही नाही.

कळा आल्यावरच्या मिनिटाला जे लागू आहे तेच त्याआधीच्या महिन्यांनाही लागू आहे. गरोदर बाईच्या मनात विचारांची जी साखळी फिरत असते तिला बाहेरचं फार मोठं कारण लागत नाही. आज बाळ हललं का? मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यात पडलं, यावेळी राहील ना? सिझर करायला लागलं तर खर्च कुठून येणार? सुट्टी संपल्यावर बाळाला कोणाकडे ठेवायचं? यातला एकही प्रश्न खुळा नाही. ध्यान या प्रश्नांची उत्तरं देत नाही, ते प्रश्न पुसूनही टाकत नाही. ‘मागच्यासारखंच होणार’ हा आत्ता डोक्यात आलेला विचार आहे, घडलेली गोष्ट नाही, एवढं ओळखायला शिकवतं. ज्यांना आधी नैराश्य येऊन गेलं आहे त्यांना ही ओळख फार उपयोगी पडते, कारण आजार परतून येतो तो बहुधा अशाच गरगरत्या विचारांच्या वाटेनं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या सोना डिमिजियन यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशा ८६ गर्भवती होत्या. आठ आठवड्यांचा वर्ग केलेल्या गटात बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत सुमारे १८ टक्के स्त्रियांना नैराश्य पुन्हा आलं. नेहमीची काळजी मिळालेल्या गटात ते सुमारे ५० टक्के जणींना आलं. अभ्यास लहान आहे, पण फरक डोळेझाक करण्यासारखा नाही.

हा वर्ग समोरासमोर बसून घेतलेला होता. तीच गोष्ट फोनवर गेली की चित्र धूसर होतं. चीनमधल्या जिनान शहरात १६८ गर्भवतींवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोबाइलवरून ध्यान शिकलेल्या स्त्रियांची नैराश्याची लक्षणं दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांचा ताण, चिंता आणि बाळंतपणाची धास्ती कमी झाली. पण खूप जणी मधेच थांबल्या होत्या. ऑनलाइन ध्यानाविषयी कोणी मला एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन. जाहिरातीत दिसणारी पोटावर हात ठेवून शांत बसलेली बाई त्या पूर्ण करणाऱ्यांतली असते. थांबलेल्या बायकांचं काय झालं हे आपल्याला जवळजवळ कळतच नाही.

त्या का थांबतात हे समजायला मोठ्या संशोधनाची गरज नाही. सकाळी उलट्या, मग ऑफिस किंवा शेतातलं काम, संध्याकाळी थोरल्याचा अभ्यास, रात्री पाय सुजलेले. दोन दिवस ध्यान राहून जातं, तिसऱ्या दिवशी फोनवर ‘तुमची साखळी तुटली’ असा निरोप येतो आणि चौथ्या दिवशी ती ॲप उघडतच नाही. वर्गात असती तर शेजारच्या बाईनं विचारलं असतं, ‘काय गं, दिसली नाहीस?’ हे विचारणं म्हणजे उपचाराला जोडलेलं सौजन्य नव्हे, ते उपचाराचंच अंग आहे. याचा भक्कम पुरावा ध्यानाच्या क्षेत्राबाहेर, आपल्या शेजारी देशात मिळाला. डॉ. आतिफ रहमान यांनी पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत नैराश्य असलेल्या गर्भवतींसाठी ‘थिंकिंग हेल्दी’ नावाचा कार्यक्रम आखला. तो मानसोपचारतज्ज्ञांनी चालवला नाही. आपल्या आशाताईंसारख्या, गावातच राहणाऱ्या आरोग्य सेविकांनी घरोघर जाऊन चालवला. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतर त्या गटातल्या २३ टक्के आया नैराश्यात होत्या, दुसऱ्या गटातल्या ५३ टक्के. पुढे गोव्यात याच कार्यक्रमाची चाचणी झाली तेव्हा तर आरोग्य सेविकाही नव्हत्या. त्याच वस्तीतल्या साध्या बायकांना प्रशिक्षण देऊन पाठवलं गेलं, आणि त्यांनी गाठलेल्या आयांपैकी जास्त जणी आजारातून बाहेर आल्या. म्हणून एखादा ऑनलाइन कार्यक्रम चांगला की वाईट हे ठरवताना मी आवाज किती मधुर आहे ते बघत नाही. बाई आठवडाभर दिसली नाही तर तिला फोन कोण करतं, हे विचारते.

आता शरीराविषयी, कारण ध्यान मनाचं असलं तरी बसायचं असतं ते या शरीरानं. सर्वसाधारण लोकांसाठी केलेल्या ध्वनिफिती बहुतेक ‘पाठीवर उताणे झोपा’ या वाक्यानं सुरू होतात. पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणं झोपणं टाळायला सांगतात, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, चक्कर येते, बाळाकडे जाणारा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडावं किंवा पाठीला टेका देऊन बसावं. ‘पोटातून खोल श्वास घ्या’ ही सूचनाही आठव्या-नवव्या महिन्यात जाचते. श्वासपटल वर ढकललं गेलेलं असतं, खोल श्वास येतच नाही आणि आपलंच काही चुकतंय असं बाईला वाटत राहतं. तिथे श्वास आहे तसा येऊ द्यावा, नुसता बघावा. श्वास रोखून धरणं, कपालभाती, भस्त्रिका हे प्रकार गरोदरपणात नकोत. तरीही काही ऑनलाइन वर्गांत ते सरसकट सगळ्यांकडून करून घेतले जातात, आणि पडद्यावरच्या तीस चौकटींतली कोण कितव्या महिन्यात आहे हे शिकवणाऱ्याला ठाऊक नसतं. पहिल्या तिमाहीत मळमळत असताना श्वासावर लक्ष नेलं तर ती वाढूही शकते. अशा वेळी तळपायांना लागणारी जमीन किंवा बाहेरचे आवाज यांच्याकडे लक्ष द्यावं. आणि जिनं आधी बाळ गमावलं आहे, किंवा जिच्या शरीरावर कधी जबरदस्ती झाली आहे, तिला ‘आता ओटीपोटाकडे लक्ष न्या’ ही साधी सूचना हादरवून टाकू शकते. समोर बसलेल्या शिक्षिकेला तिचा चेहरा दिसतो. ध्वनिफितीला दिसत नाही.

महाराष्ट्रात या विषयावर लिहायचं तर गर्भसंस्कारांना वळसा घालून जाता येणार नाही. डॉ. बालाजी तांबे यांच्या पुस्तकानं हा शब्द मध्यमवर्गीय घराघरांत पोचवला आणि आज फोनवर मराठीतून सर्वाधिक चालणारे गर्भवतींचे वर्ग याच नावाचे आहेत. त्यांच्यातल्या चांगल्या गोष्टी मी मनापासून मान्य करते. ते आपल्या भाषेत आहेत, त्यांत संगीत आहे, चार गरोदर मैत्रिणी मिळतात, आणि सासूबाईंच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. अनेक बायकांना दिवसातला एकमेव निवांत अर्धा तास या वर्गानंच मिळवून दिला आहे. आक्षेप आहे तो बुद्धिमान, गोरं, तेजस्वी बाळ घडवून देण्याच्या आश्वासनाला. या आश्वासनासाठी सर्रास अभिमन्यूची गोष्ट सांगितली जाते. ती नीट ऐकावी. चक्रव्यूहाचं वर्णन चालू असताना सुभद्रेला झोप लागली, म्हणून अभिमन्यूला बाहेर पडण्याची वाट कळली नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे इतक्या महारथींनी मिळून एका कोवळ्या मुलाला मारलं त्याचा ठपका एका दमलेल्या गरोदर बाईच्या डुलकीवर. आजच्या सुभद्रेलाही आपण तेच सांगतो: आज ध्यान चुकलं, आज रागावलीस, आज रडलीस, बाळाचं काय होईल? दीर्घकाळ उपचार न मिळालेल्या तीव्र नैराश्याचा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी आणि कमी वजनाच्या बाळाशी संबंध दिसतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच उपचार हवेत. पण रोजचं रडू, भांडण, काळजी यांनी बाळ बिघडत नाही. ज्या कार्यक्रमात ही भीती घातली जाते तो ध्यानाचा कार्यक्रम असला तरी ताणच वाढवतो.

फोनची गोष्ट आणखी एका बाजूनं बघायला हवी. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे होता आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. तेव्हापासून हे आकडे वाढले असतील, तरी नवऱ्याचा फोन संध्याकाळी घरी येतो तेव्हाच ज्यांना ऐकायला मिळतं अशा बायका आहेत, आणि घरात सगळ्यांसमोर, कानाला काही न लावता ऐकायचं म्हटलं तर ‘मला भीती वाटते’ हे शब्द उच्चारताही येत नाहीत. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ॲप सर्वांत उशिरा पोचेल. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात आशाताईंच्या फोनवर आठ-दहा जणींनी मिळून ऐकणं, आणि ऐकून झाल्यावर बोलणं, हा मला घरी एकटीनं ऐकण्यापेक्षा चांगला मार्ग वाटतो. शहरातल्या वाचकांना एवढंच सांगते की ॲपमध्ये पाळीची तारीख, गर्भपाताचा इतिहास, मनाची अवस्था भरण्याआधी ती माहिती कोणाकडे जाते ते वाचा, आणि मोफत आठवडा संपल्यावर खात्यातून आपोआप किती पैसे कापले जाणार तेही.

ध्यान कुठे थांबतं हे या पुस्तकात वारंवार येईल. दोन आठवडे सलग उदासी, कशातच मन न लागणं, अन्नावरची वासना जाणं, बाळाविषयी काहीच न वाटणं किंवा नको ते विचार येणं, जगू नये असं वाटणं, ही लक्षणं असतील तर ध्वनिफीत बदलून चालणार नाही, डॉक्टर हवा. आधीपासून नैराश्याच्या किंवा इतर मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर ध्यान सुरू केलं म्हणून किंवा दिवस राहिले म्हणून त्या आपल्या मनानं थांबवू नयेत. काही गोळ्या गरोदरपणात खरोखरच टाळाव्या लागतात, व्हॅल्प्रोएट त्यांतली एक, पण बऱ्याच चालतात, आणि ते ठरवणं मानसोपचारतज्ज्ञाचं काम आहे. १९८७ साली तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली जगभर वापरली जाते. दहाच प्रश्न, गेल्या सात दिवसांविषयीचे. त्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, आणि त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीच्या गुणांची बेरीज करत बसायचं नसतं.

पुढची प्रकरणं सलग वाचली नाहीत तरी चालेल. उलट्यांनी हैराण असलेल्या बाईनं पहिल्या तिमाहीचं प्रकरण आधी उघडावं, नवऱ्यांनी बर्फाच्या सरावाचं. डॉक्टरांना मात्र एक विनंती आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा: गेल्या महिनाभरात मन सारखं उदास होतं का, आणि कशातच रस वाटेनासा झाला होता का. दोन्हींना मिळून मिनिटही लागत नाही. आणि हे वाचणारी जी कोणी आत्ता रात्री जागी आहे तिच्यासाठी: ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.